चार्ल्स लायल आणि डार्विन यांच्या पत्रांना एवढं महत्त्व का देतात?

कारण त्या पत्रांमुळेच उत्क्रांतीचा सिद्धांत वेळेवर लोकांसमोर आला असं मला मनापासून वाटतं. लायल हा भूवैज्ञानिक, १७९७ चा, स्कॉटलंडचा, शिकला वकिली पण डोळे अधू म्हणून ती सुटली आणि दगडांचा नाद मात्र आयुष्यभर राहिला. आज नदी, पाऊस, ज्वालामुखी जे हळूहळू करतात तेच करोडो वर्षं चालू राहिलं की डोंगरदऱ्या घडतात, हे त्याने १८३० मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'च्या पहिल्या भागात मांडलं, आणि तेच पुस्तक डार्विन बीगल जहाजावर सोबत घेऊन गेला.

पुढे दोघं पक्के दोस्त झाले. १८५६ मध्येच लायल त्याला सांगत होता की बाबा, तुझा सिद्धांत लवकर छाप, नाहीतर दुसरा कोणीतरी पुढे जाईल. आणि झालंही तसंच, जून १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस या दुसऱ्या निसर्गअभ्यासकाचा लेख डार्विनच्या हातात पडला, कल्पना जवळपास सेम, आणि डार्विनने हादरून सगळ्यात आधी पत्र लिहिलं ते लायललाच, की तुझं म्हणणं खरं ठरलं. मग लायल आणि डार्विनचा वनस्पतीशास्त्रज्ञ मित्र हूकर यांनी मिळून १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत, डार्विन आणि वॉलेस दोघांचंही लिखाण एकत्र वाचायला लावलं. ही मैत्री नसती तर डार्विन अजून किती वर्षं थांबला असता देव जाणे!

लायलची पत्रं वाचायची असतील तर त्याच्या मेहुणीने १८८१ मध्ये दोन खंडांत काढलीयत, आणि त्याच्या २९४ वह्या एडिनबरा युनिव्हर्सिटीकडे आहेत.