‘दोन वर्षांपासून राहतो’ हे जर्मनमध्ये कसे म्हणावे?

प्रश्न : ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो’ यासाठी मी ‘इश हाबे झाइट त्स्वाय यारेन इन पुणे गेवोन्ट’ असे लिहिले, ते चूक ठरले; ‘काल मी पाव विकत घेतला’ यासाठी लिहिलेले ‘इश हाबे गेस्टर्न ब्रोट गेकाउफ्ट’ मात्र बरोबर ठरले. असे का? शिवाय भूतकाळात ‘झोपणे’ या क्रियापदाला साहाय्यक क्रियापद म्हणून ‘हाबेन’ लावावे की ‘झाइन’? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपली चूक इंग्रजीच्या सवयीतून झाली आहे. शाळेत शिकलेला इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ आणि जर्मन पेर्फेक्ट (‘हाबे … गेवोन्ट’सारखे, साहाय्यक क्रियापद जोडून होणारे रूप) दिसायला सारखे असले, तरी त्यांचे काम वेगळे आहे. आपल्याच मराठी वाक्यात ‘राहतो’ हे वर्तमानकाळी रूप आहे आणि जर्मनलाही तेच हवे : ‘इश वोने झाइट त्स्वाय यारेन इन पुणे’. पूर्वी सुरू झालेली क्रिया अजून चालू असेल, तर ‘झाइट’बरोबर, म्हणजे ‘पासून’बरोबर, वर्तमानकाळ येतो. वाक्य नकारार्थी झाले की मात्र बहुधा पेर्फेक्ट लागतो : ‘इश हाबे ईन झाइट त्स्वाय यारेन निश्ट गेझेएन’, म्हणजे ‘मी त्याला दोन वर्षांपासून पाहिलेले नाही’. येथेही मराठी साथ सोडत नाही. ‘गेस्टर्न’ चालते, कारण बोलण्यातील जर्मनमध्ये पेर्फेक्ट हाच नेहमीचा भूतकाळ आहे. ‘काल’ या शब्दाशी त्याचे इंग्रजीसारखे वैर नाही.

‘हाबेन’ आणि ‘झाइन’ यांच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नये. ‘त्याने पाव खाल्ला’ आणि ‘तो झोपला’ या वाक्यांवरून ‘ने’ असेल तेथे ‘हाबेन’ आणि नसेल तेथे ‘झाइन’ असा नियम बसवण्याचा मोह होतो, पण तो झोपेपाशीच फसतो. झोपणे ही टिकून राहणारी अवस्था असल्यामुळे ‘एर हाट गेश्लाफेन’ (तो झोपला; ‘हाट’ हे ‘हाबेन’चे रूप) म्हणतात. झोप लागणे हे स्थित्यंतर असल्यामुळे ‘एर इस्ट आइनगेश्लाफेन’ (त्याला झोप लागली; ‘इस्ट’ हे ‘झाइन’चे रूप) म्हणतात. जाणे, येणे, जागे होणे, मरणे अशा स्थलांतर किंवा स्थित्यंतर दाखवणाऱ्या अकर्मक क्रियापदांना ‘झाइन’ लागते. ‘ब्लायबेन’, म्हणजे थांबून राहणे, यात काहीही बदलत नाही, तरी तेही ‘झाइन’च घेते, ते सरळ पाठ करावे. बसणे, उभे राहणे आणि पडून असणे यांना उत्तर जर्मनीत ‘हाबेन’ लावतात, तर दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे ‘झाइन’ सर्रास ऐकू येते. परीक्षेत ‘हाबेन’ लिहावे. म्युनिकमध्ये कोणी ‘इश बिन गेझेसेन’ (मी बसलो होतो; ‘बिन’ हेही ‘झाइन’चेच रूप) म्हणाले, तर त्याची चूक काढू नये.