पाटीवरच्या नंबराने आमचं वर्ष खाल्लं

पुण्यात कसबा पेठेतल्या साठ जुन्या वाड्यांची हेरिटेज यादीसाठी नोंद केलीत आणि कचेरीने "मिळकती जुळत नाहीत" म्हणून यादी परत पाठवली, हे वाचून हसू की रडू कळेना. आमचीही अशीच परत आली होती, चौदा महिन्यांनी.

फोटो, फॉर्म वगैरे तुम्हाला जमलेलं दिसतंय. दारावरच्या पत्र्याच्या पाटीवरचा नंबर यादीत टाकलात का, एवढं सांगा. आम्ही तेच केलं होतं. सरकारी दप्तर चालतं सिटी सर्व्हे नंबरवर, म्हणजे भूमापनात जागेला दिलेल्या नंबरवर. त्यात भाऊबंदांची वाटणी झाली की एका वाड्याचे दोन-तीन नंबर. आमच्या एका वाड्याचा दिंडी दरवाजा एका नंबरात, मागचा चौक दुसऱ्यात! आधी प्रॉपर्टी कार्ड (त्या नंबरचा मालकीचा उतारा) काढा, मग टेप हातात घ्या.

हे कचेरीला आम्हाला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण खिडकीवरचे साहेब दर वेळी "फाईल वर गेलीय" म्हणायचे. वर म्हणजे त्याच इमारतीचा दुसरा मजला. यादी परत आली तोवर त्यातले दोन वाडे पाडून पत्रे ठोकले होते. एकाच्या ओटीवरच्या सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराच्या) लाकडी खांबांचा फोटो आहे माझ्याकडे, माप नाही. म्हटलं होतं, मंजुरी आली की निवांत मोजू. तुम्ही थांबू नका.

मोजताना खोलीचे दोन्ही कर्ण घ्याच. जुन्या भिंती काटकोनात नसतात, नुसत्या लांबी-रुंदीवर नकाशा घरी येऊन जुळत नाही. घरातल्या आजी माप खणांत (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण) सांगतील, तेही तसंच लिहून घ्या.

मालकापुढे पहिल्या भेटीत 'हेरिटेज' म्हणू नका, हे माझं मत. हेरिटेजची श्रेणी लागली की वाडा विकता येत नाही, असा पक्का समज आहे. विकता येतो, पाडायला, बदलायला परवानगी लागते. (मी वकील नाही, आर्किटेक्टही नाही. सध्याचे नियम बघून घ्या.)

पुढे शनिवार-नारायण पेठांत उतरणार असाल तर जुन्या नकाशावर विसंबू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्यात नदीकाठचे कितीतरी वाडे बसले. नकाशात ते अजून उभे आहेत.