पाखाडी उतरतानाच गुडघा का दुखतो?

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, डोंगरउतारावर. आईचं वय ६१. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढताना तिला काही होत नाही, पण उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. शेजारपाजारचे म्हणतात, वाटी झिजली. तिचं विळीवर बसणं बंद करावं का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, चढताना नाही आणि उतरताना दुखतं, हे तुम्ही नेमकं टिपलंत. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी पेशंटला पहिलं हेच विचारते.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता मिटत-उघडत नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या सपाट माथ्यावर लोळतात आणि लोळता लोळता घसरतातही. शिवाय त्यात एक फिरकी आहे, ती घरी बघता येते. आईंना उंच खुर्चीवर पाय लोंबते सोडून बसवा. वाटीच्या मधोमध एक आणि तिच्याखाली नडगीचा जो उंचवटा हाताला लागतो त्यावर एक, असे कुंकवाचे दोन ठिपके द्या. आता पाय हळूहळू सरळ करायला सांगा. खालचा ठिपका शेवटी जरासा बाहेरच्या बाजूला सरकतो. शेवटच्या १५-२० अंशांत नडगी अशी वळते आणि सांधा घट्ट बसतो, म्हणून तर आपण फारसं न दमता उभे राहू शकतो. मला हे दर वेळी नव्याने आवडतं.

आता वाटी. मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ नडगीपर्यंत पोचवताना ती त्याची ताकद वाढवते. चढताना आपण पुढे झुकतो, कुल्ल्याचे स्नायू भार वाटून घेतात. उतरताना तसं झुकता येत नाही. वरच्या पायरीवरचा पाय वाकत वाकत सगळं वजन खाली सोडतो, मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि वाटी मागे दाबली जाते. गुडघा जितका वाकलेला तितका दाब जास्त, आणि आपल्या जांभ्याच्या पाखाड्यांच्या पायऱ्या तर उंच नि कमीजास्त. म्हणून उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा, काठी किंवा गडग्याचा (दगडी कुंपणाचा) आधार घ्यायचा. वजन पेलायचं काम मग चांगल्या पायाकडे जातं.

‘वाटी झिजली’ म्हणून घाबरवणं मला मुळीच पटत नाही. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, आणि तिला स्वतःच्या वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. एक्स-रेत झीज दिसूनही न दुखणारे गुडघे मी रोज बघते. मांडीचा स्नायू बळकट झाला की बऱ्याच जणींची कळ कमी होते. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. करताना कळ वाढली तर थांबायचं आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बदलून घ्यायचा.

विळी बंद करू नका. दुखत असेल तर तूर्त ओट्यावर उभ्याने चिरू दे. मला खरी काळजी भाताच्या लावणीची वाटते. पाय चिखलात रुतलेला आणि धड वळवलेलं, यात दोन हाडांमधल्या गाद्या पिळल्या जातात. त्यांच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, आतला भाग फाटला तर सहसा सांधत नाही. वळायचं तर आधी पाय उपसून घ्यायचा, हे आईंना नक्की सांगा.

गुडघा अडकून सरळच होईना, सुजला किंवा लाल होऊन ताप आला, तर मात्र व्यायाम राहू द्या आणि लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.