गावचं घर बहुतेक वर्षभर बंद असतं. वाळवी, झुरळं, मुंग्यांवर काय करावं?

मालवणजवळचं जांभ्याचं घर, उघडतं ते फक्त गणपतीत आणि मे महिन्यात, असं तुम्ही लिहिलंय. मग झुरळं-मुंग्या राहू देत बाजूला, आधी वाळवीचं बघा. बाकीचे किडे त्रास देतात. ही घरच खाते.

चौकटीवर, भिंतीवर मातीची बारीक नळी दिसते ती तिची वाट. वाळवीचं अंग मऊ, उघड्यावर ती सुकून मरते. म्हणून जमिनीतून वर चढताना मातीचा आडोसा करते. नळी बोटभर मोडून ठेवा. चार दिवसांत पुन्हा लिंपली गेली तर आत वस्ती आहे हे नक्की. रॉकेल ओतलंत तर नळीतली तेवढी मरेल. राणी खाली जमिनीत सुखरूप असते. पहिल्या पावसात दिव्यावर पंखवाली पाखरं येतात, तीही वाळवीच, पण त्याने घाबरू नका, ती बाहेरची असतात. पण तीच चौकटीतून किंवा लादीच्या फटीतून निघताना दिसली, तर वाट बघू नका.

खरा इलाज म्हणजे भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फूटभर अंतराने भोकं पाडून आत औषध भरणं आणि वरून सिमेंट लावणं. पेस्ट कंट्रोलवाला नुसतं फवारून निघाला तर त्याला पैसे देऊ नका. आणि काम सुरू करण्याआधी त्याला विहीर दाखवा. जांभ्यातून पाणी झिरपतं, तसं औषधही झिरपतं. विहीर घराला खेटून असेल तर त्या बाजूला औषध नकोच, असं माझं स्पष्ट मत.

पण औषधाच्या आधी मागीलदारी जाऊन बघा. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, लाकडं, नारळाची सोडणं (सालं), झावळ्या मागच्या भिंतीला टेकवून रचतात, म्हणजे वाळवीला आपणच पानं वाढतो. बेगमी भिंतीपासून हातभर लांब आणि दगडांवर उचलून रचा. कपाटंही भिंतीला चिकटवू नका. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त हातमोजे घाला, कातडी भाजते.

झुरळांना मारायला विषाचं जेल बरं. बिजागऱ्यांत, सिंकखाली छोटे छोटे ठिपके द्या, आणि त्यावर स्प्रे मारू नका, नाहीतर ती जेलकडे फिरकतच नाहीत. मुंग्यांना साखरपाण्यात अगदी चिमूटभर बोरिक पावडर. जास्त झाली तर वारुळापर्यंत पोचण्याआधीच त्या मरतात. पोरं, मांजरं यांपासून दोन्ही लांब ठेवा.

घर बंद करून निघताना बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साचून राहतं त्या खोलगट भागात, पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल टाका. तिथलं पाणी आटलं की गटारातली झुरळं सरळ वर येतात. तेलामुळे ते उशिरा आटतं. जाळीवर एखादी जड फरशीही ठेवा.