रात्री दोन वाजून दहा मिनिटांची नोंद

प्रश्न : मुलगी नीटचा दुसरा प्रयत्न करतेय. पहिल्या वेळी ७२० पैकी ४१२ आले. तिच्या आईला तीव्र दमा आहे. 'आईसाठी तरी डॉक्टर हो' असं आम्ही सांगतो, तर ही आईचा खोकला वहीत लिहीत बसते. म्हणते, खोकल्यावरच संशोधन करायचंय. पण त्यालाही आधी डॉक्टरच व्हावं लागणार ना? क्लास बदलायचं आमच्या मनात आहे. तुम्ही तिला समजवा.
– एक वडील, लालबाग

उत्तर : वहीच्या पानाचा फोटो जोडलात ते बरं केलंत. '२.१० – सलग सहा, उठून बसली. २.२५ – पंप, दोन पफ. ३.४० – पुन्हा, कोरडा.' साहेब, नीटच्या वर्षात पोरगी रात्री दोन ते चार जागी असते आणि तुम्ही क्लास बदलायचं म्हणताय! वर ते 'आईसाठी तरी'. उद्या एमबीबीएसला नंबर लागला नाही, तर आईला आपणच बरं केलं नाही असं तिनं धरून चालायचं का? वहिनींचा दमा छातीच्या डॉक्टरांनी बघायचा. पोरीच्या करिअरला तो बांधू नका.

खोकल्याचा अभ्यास फक्त डॉक्टर करतात, हा तुमचा समज मात्र खोडायला हवा. दम्यात श्वासनलिका आवळतात, पण खोकला दरवेळी त्याच मापात चालत नाही. फुंकायच्या तपासणीत आकडे बरे येतात आणि माणूस रात्रभर खोकतो, कारण खोकला उठवणाऱ्या नसाच हळव्या झालेल्या असू शकतात. हे तपासायला कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखट पदार्थ, वाढत्या मात्रेत श्वासावाटे आत घ्यायला देतात आणि कितव्या मात्रेला ठसका लागतो ते बघतात. तुमच्या मसाला गल्लीतून जाताना लागतो तोच ठसका, फक्त मोजूनमापून. शिवाय अंगावर माइक लावून २४ तासांचा आवाज टिपतात. त्यातून खोकले वेचून मोजणारी एक पद्धत इंग्लंडात लेस्टरला तयार झाली. त्या रेकॉर्डिंगमधून हसणं, घसा खाकरणं, शिंक वगळून नेमका खोकला ओळखायचा, तर इंजिनिअर लागतो, संख्याशास्त्रवाला लागतो. खोकला दाबायचं तंत्र रुग्णाला शिकवायला फिजिओथेरपिस्ट लागतो. तुमची मुलगी कुणी न सांगता यातलं खोकले मोजायचं काम हातानं करतेय.

नीट तिला देऊ दे, फिजिओथेरपीलाही तेच गुण चालतात. बारावीला गणित असेल तर सीईटीतून बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. कुठलं, ते तिला ठरवू द्या. मला पुढचं पत्र तिचं हवंय.

वही याच आठवड्यात वहिनींच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री पंप किती वेळा लागतो, हे त्यांना कळायलाच हवं. आणि आजपासून रात्रीची नोंद तुमच्या अक्षरात : वेळ, किती ठसके, पंप घेतला का. पोरीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाका.