टाचेचं वाढलेलं हाड काढायलाच हवं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. चार महिन्यांपासून उजवी टाच दुखतेय, एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं, तर ते काढून टाकावं का? वर्षापूर्वी मुरगळलेला डावा घोटा अजूनही खडबडीत जागी दगा देतो, त्याचं काय करायचं? आणि आईच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या उंचवट्यासाठी बोटात घालायचा सिलिकॉनचा तुकडा घ्यावा का? आईला मधुमेह आहे, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पाय-घोट्याचेच पेशंट जास्त बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. न तपासता निदान करता येत नाही, पण तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यामुळे बरंच बोलता येईल.

आधी ते हाड. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने आलेलं असं टोक काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत सापडतं, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत सापडत नाही. दुखणं पूर्ण थांबल्यावर फोटो काढला तरी ते टोक जागच्या जागीच असतं. त्यामुळे रिपोर्टवर ‘स्पर’ लिहिलेलं दिसलं की माणूस घाबरतो आणि पाऊल टेकवायलाच धजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमचं वर्णन बघता दुखतोय तो तळव्यातला जाड, चिवट पडदा, म्हणजे प्लांटर फॅशिया, आणि तोही जिथे टाचेला चिकटतो त्या आतल्या बाजूच्या टोकाशी. चालताना टाच उचलली की बोटं वर वळतात, पडदा ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. प्रत्येक पावलाला हे होतं. दिवसभर उभ्याने काम, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, एकदम वाढवलेलं चालणं-धावणं, यांतलं काही ना काही त्या चिकटण्याच्या जागेला झेपेनासं होतं.

सकाळी उठल्यावरची पहिली पावलं सुरीसारखी टोचतात, थोडं चाललं की बरं वाटतं आणि दिवस संपताना परत ठणकतं, असं तुम्ही लिहिलंय. हीच या दुखण्याची खूण. टाचदुखीत कुठे आणि केव्हा दुखतं या दोन प्रश्नांवर अर्धं निदान होतं. टाचेच्या बरोबर मधोमध, कडक जमिनीवर अनवाणी चालताना दुखत असेल आणि सकाळच्या पहिल्या पावलाशी त्याचा खास संबंध नसेल, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. तिथे ताणाच्या व्यायामापेक्षा मऊ टाचेची चप्पल जास्त कामाची. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जीव कळवळत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला आहे का ते बघावं लागतं. जळजळ, मुंग्या, रात्री झोपेत वाढणारं दुखणं असेल, तर आतल्या घोट्यामागून जाणारी नस दाबली जातेय का ते तपासतात. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली असते आणि हालचालीने मोकळी होते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला हवं. तळव्याचे व्यायाम करत वर्ष घालवू नये.

तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही, म्हणून उपचारांकडे येते. दोन व्यायाम करा, पण मनापासून करा. पहिला, अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधीचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, हाताने पाचही बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्यात दोरीसारखा ताण जाणवला पाहिजे. दुसऱ्या हाताचा अंगठा तिथे फिरवून खात्री करा. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. कामावर बराच वेळ बसून उठण्याआधी एकदा केलात तर उत्तम. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, गुडघा सरळ ठेवून एकदा आणि किंचित वाकवून एकदा, तीस-तीस सेकंद.

दुसरा व्यायाम ताकदीचा, आणि लोक नेमका हाच टाळतात. डेन्मार्कमध्ये मायकेल राथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो ताणाच्या व्यायामाशी ताडून पाहिला. तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम करणारे लोक स्पष्टपणे पुढे होते. वर्षाने दोन्ही गट सारखे झाले. म्हणजे दोन्हीने गुण येतो, ताकदीने जरा लवकर. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा केल्यावर तेरावी जमू नये, इतकं कठीण असलं पाहिजे. एका पायावर होत नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा, सोपं झालं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरा. एक दिवसाआड. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त टोचलं, तर वजन किंवा संख्या कमी करायची.

घरातही अनवाणी फिरू नका, निदान काही आठवडे. टाचेला थोडी उंची आणि मऊपणा असलेली, मध्यातून दुमडली न जाणारी पादत्राणं वापरा. महागडा मापाचा इनसोल लगेच करून घ्यायची गरज नाही, तयार मिळणारा बहुतेकांना पुरतो. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला हरकत नाही, बरं वाटतं. पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुखणं थांबतं, पण काही आठवड्यांपुरतं, आणि वारंवार घेतल्यास पडदा फाटण्याचा किंवा टाचेखालची चरबी झिजण्याचा धोका असतो. चरबी एकदा झिजली की सहसा परत येत नाही. झोप उडावी इतकं दुखत असेल आणि व्यायामच करता येत नसेल, तर एखादं घ्यायला ना नाही, पण त्या मिळालेल्या सवलतीत व्यायाम सुरू झाला पाहिजे. तीन-चार महिने नीट करूनही फरक नसेल तर शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने बाहेरून दुखऱ्या जागी लहरींचे झटके देणं, हा पर्याय आहे. ऑपरेशनचा विचार सहा महिने ते वर्षभर सगळं करून झाल्यावर, आणि तोही क्वचित. दहातले आठ-नऊ जण वर्षभरात ऑपरेशनशिवायच बरे होतात. हा वेळ ऐकून निराश होऊ नका, सुधारणा त्याच्या बरीच आधी जाणवायला लागते.

टाचेच्या मागच्या बाजूला, पोटरीच्या स्नायूंना टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीत दुखत असेल तर प्रकरण वेगळं. ते अकिलीस टेंडनचं दुखणं. तुम्हाला नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला असेल म्हणून दोन ओळी. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला बारा आठवड्यांचा टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम अजूनही पायाभूत मानला जातो. दुखरी जागा अगदी टाचेच्या हाडाला लागून असेल तर मात्र टाच पायरीच्या पातळीखाली सोडू नये. खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर कुणीच नाही आणि आता त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर टेंडन तुटलं असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता घोटा. तुमचा डावा पाय वर्षापूर्वी आतल्या बाजूला वळला, सूज आली, क्रेप बँडेज बांधून दोन आठवडे विश्रांती घेतली आणि सूज गेल्यावर तुम्ही विषय संपवला. बहुतेक लोक हेच करतात, आणि घोटा पुन्हा पुन्हा मुरगळण्याचं मूळ इथेच आहे. बाहेरच्या घोट्यासमोरचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारी दोरी, ताणलं किंवा फाटलं की नुसती दोरी सैल होत नाही. पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी यंत्रणाही मंदावते. घोटा वळायला लागल्यावर नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू क्षणात आखडून त्याला सावरतात. तुमच्याकडे ते उशिरा जागे होत असावेत. विश्रांतीने सूज उतरते, ही यंत्रणा सुधारत नाही.

घरीच बघा. भिंतीजवळ, हात टेकायला आधार ठेवून, उजव्या पायावर डोळे मिटून उभं राहा, मग डाव्यावर. डावा पाय लवकर डगमगला तर कामाला कुठे लागायचं ते कळलं. सुरुवात डोळे उघडे ठेवून एका पायावर उभं राहण्यापासून, रोज. मग उशीवर. मग उशीवर उभं राहून कुणीतरी फेकलेला चेंडू झेलणं. त्यानंतर एका पायावर छोट्या उड्या, पुढे, बाजूला, तिरक्या. जोडीला रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलण्याचा व्यायाम, कारण ते बाहेरचे स्नायू बळकट हवेतच. सहा आठवड्यांत फरक दिसतो, तीन महिने चालू ठेवा. तोवर खेळायला किंवा डोंगर चढायला जाताना लेस बांधायचा ब्रेस घाला. ब्रेसने स्नायू कमजोर होतात ही भीती निराधार आहे. व्यायाम बंद केला तर होतात.

हे सगळं करूनही घोटा दगा देत राहिला, किंवा आत खोलवर ठणका आणि मधेच अडकल्यासारखं होत असेल, तर एमआरआय करून कूर्चेला इजा आहे का ते बघावं. लिगामेंट शिवण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे, स्वीडनच्याच ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेली पद्धत थोड्या बदलांनी आजही वापरतात. पण तिच्यानंतरही हेच तोल सांभाळण्याचे व्यायाम करावे लागतात, म्हणून आधी करून बघण्यात शहाणपण.

पुन्हा मुरगळला तर एक्स-रे लागेल का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये तयार झालेले नियम फार सोपे आहेत. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर, अथवा तिथून वर सहा सेंटीमीटरपर्यंत मागच्या कडेवर बोटाने दाबून दुखतंय का? करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर जे हाड हाताला लागतं, तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावर दाबून दुखतंय का? मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही हो असेल तर फोटो काढा. बधिरपणा असलेल्या पायाला, दारू प्यायलेल्या माणसाला आणि लहान मुलांना हे नियम डोळे झाकून लावू नयेत. बर्फ पहिले एक-दोन दिवस दुखणं कमी करायला ठीक. मात्र विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी १९७८ मध्ये मांडणाऱ्या गेब मर्किन यांनीच पुढे २०१४ मध्ये बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचा आग्रह मागे घेतला. सोसेल तितकं लवकर चालायला लागणं बरं.

राहिला आईचा अंगठा. तिथे हाड नव्याने वाढलेलं नाही. अंगठ्यामागचं लांब हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं, अंगठा इतर बोटांकडे कलतो आणि सांध्याचा कोपरा बाहेर आलेला दिसतो. सिलिकॉनच्या तुकड्याने तो कायमचा सरळ होत नाही, घालून असेपर्यंत थोडं बरं वाटू शकतं इतकंच. रुंद पुढचा भाग असलेली पादत्राणं घ्या. कागदावर आईचं पाऊल उभ्याने आखा आणि बूट त्यावर ठेवा. बुटाच्या बाहेर रेघ दिसली तर तो बूट नको. ऑपरेशन दुखणं थांबवायला करतात, दिसण्यासाठी नाही, आणि सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने लागतात.

मधुमेहामुळे मात्र तो सिलिकॉनचा तुकडा मी घ्यायलाच सांगणार नाही, निदान पायाची संवेदना तपासल्याशिवाय. संवेदना कमी असेल तर बोटांच्या बेचक्यात दाबाने जखम होते आणि कळतही नाही. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तळव्यावर स्पर्श करून ही तपासणी दोन मिनिटांत होते, सोबत पायाची नाडीही बघतात. वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. कुरूपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या आईसाठी आणू नका. त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही जाळतं. गरम पाण्यात पाय बुडवणंही नको. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा आणि रोज रात्री तळवे बघायचे, आईला वाकता येत नसेल तर तुम्ही बघा.

आणखी एक. आईचं एक पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागलं, तर दुखत नसलं तरी तिला चालू देऊ नका. हा शार्को फूट असू शकतो, म्हणजे संवेदना कमी झालेल्या पावलाची हाडं आणि सांधे आतून खचण्याचा आजार. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे हे मुरगळणं, गाऊट किंवा जंतुसंसर्ग समजून सोडलं जातं आणि त्या चालण्यात पावलाची हाडं मोडून कमान कोसळते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि मधुमेह आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. तुमची टाच आणि घोटा दोन्ही आठवडाभर थांबू शकतात, त्यामुळे आईची पायाची तपासणी आधी उरका.