रात्रभर जागून पाठ केलेले चार दिवसांत विसरते, मग एकदा झालेला अपमान वर्षानुवर्षे का आठवतो?

आपण विचारले आहे की परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाठ केलेली उत्तरे चार दिवसांत पुसली जातात, पण सातवीत सगळ्या वर्गासमोर झालेला अपमान आज वीस वर्षांनंतरही शिक्षकांच्या आवाजासकट आठवतो. तर मेंदूत अभ्यासाचा आणि भावनांचा कप्पा वेगवेगळा असतो का, आणि झोपेचा याच्याशी काही संबंध आहे का. मी एका स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून रात्रपाळी करतो. झोपलेल्या माणसाच्या मेंदूचे तरंग पडद्यावर वाचणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक जवळचा आहे, आणि पहिल्या भागाचे निम्मे उत्तरही त्यातच आहे असे मला वाटते.

कप्पा हा शब्द मात्र आधी बाजूला ठेवावा लागेल. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी बहुतेक पेशी इतर शेकडो ते हजारो पेशींशी जोडलेल्या असतात. या जोडणीच्या जागेला सायनॅप्स म्हणतात. काही शिकणे म्हणजे यांतल्या काही जोडण्या बळकट होणे आणि काही सैल पडणे. टिमथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात दाखवून दिले की थोडा वेळ जलद गतीने विद्युत-उद्दीपन दिले तर तिथली जोडणी पुढे कित्येक तास बळकट राहते. सातवीतला तो प्रसंगही असा एका जागी ठेवलेला नाही. शिक्षकांचा चेहरा दृष्टीच्या क्षेत्रांत, आवाज श्रवणाच्या क्षेत्रांत, अंगाला फुटलेला घाम आणि धडधड आणखी तिसरीकडे, अशा त्याच्या खुणा विखुरलेल्या असतात. त्या सगळ्यांतून दोरा ओवून त्यांचा एक प्रसंग करण्याचे काम कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस करतो, निदान सुरुवातीच्या काळात तरी.

हे आपल्याला कळले ते एका माणसाच्या फार मोठ्या हानीतून. हेन्री मोलेसन यांना अपस्माराचे तीव्र झटके येत असत. १९५३ मध्ये, ते २७ वर्षांचे असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आजूबाजूचे ऊतक काढून टाकले. झटके कमी झाले, पण त्या दिवसानंतर भेटलेला माणूस, वाचलेले पान, जेवणाच्या वेळी झालेले बोलणे, यांतले काहीही त्यांच्या लक्षात राहिनासे झाले. बालपणाच्या आठवणी मात्र बऱ्याच अंशी शाबूत होत्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून एका ताऱ्याच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवण्याचे काम दिले. तीन दिवसांत त्यांचा हात चांगलाच सफाईदार झाला, आणि तरीही हे काम आपण पूर्वी कधी केले आहे हे त्यांना तिसऱ्या दिवशीही ठाऊक नव्हते. हाताचे कौशल्य शिकणारी मंडले, म्हणजे चेतापेशींची जाळी, वेगळी आहेत आणि घडलेला प्रसंग किंवा वाचलेले ज्ञान टिपणारी मंडले वेगळी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. जुन्या आठवणी शाबूत राहिल्या यावरून दुसरी गोष्टही सुचते, ती अशी की नवी आठवण आधी हिप्पोकॅम्पसच्या आधाराने उभी राहते आणि काळाच्या ओघात मेंदूच्या बाह्यस्तरातील, म्हणजे कॉर्टेक्समधील, जोडण्यांवर बऱ्याच अंशी स्वतःच्या पायांवर उभी राहते. आपल्या प्रश्नाची कळ या हस्तांतरात आहे.

आता अपमानाकडे येतो. हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढ्यात बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. भीती, लाज, धोका यांची चाहूल लागली की तो जागा होतो आणि दोन कामे करवून घेतो. शरीरात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकांचे प्रमाण वाढते, आणि मेंदूच्या बुंध्यातील लोकस सेरुलियस या इवल्याशा केंद्रातून नॉरॲड्रेनॅलिन मेंदूभर सोडले जाते. या रासायनिक लाटेत जे काही घडत असेल त्याच्या जोडण्या हिप्पोकॅम्पसमध्ये अधिक घट्ट बसतात. लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याची सुरेख कसोटी घेतली. काही लोकांना चित्रांच्या साहाय्याने एक गोष्ट सांगण्यात आली, जिच्या मध्यावर एका मुलाला भीषण अपघात होतो. एरवी लोकांना हा मधला भाग बाकीच्या गोष्टीपेक्षा जास्त आठवतो. ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल हे नॉरॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारे औषध दिले होते त्यांना गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवला, पण अपघाताच्या भागाला मिळणारा तो जादा ठळकपणा मिळाला नाही. म्हणजे अपमानासाठी वेगळी वही नाही. वही तीच, फक्त अमिग्डालाने पेन दाबून धरलेले असते.

इथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशा आठवणी माणसे फार वर्षे उराशी बाळगतात. ठळक आठवण ही अचूक आठवण असतेच असे नाही. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी उलरिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतले, आणि काही वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे पहिल्या लेखी उत्तरांशी जुळेनात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या नव्या उत्तराची पक्की खात्री होती. उंदरांवरील प्रयोगांतून असेही दिसले आहे की आठवण जागवली गेली की तिच्या जोडण्या काही काळ पुन्हा मऊ होतात आणि मग नव्याने घट्ट होतात. तेव्हा आपण सातवीतला तो प्रसंग जितक्या वेळा आठवला असेल तितक्या वेळा तो थोडा पुन्हा लिहिला गेला असण्याची शक्यता आहे.

यापुढचे सांगण्यासाठी मला आपल्याला माझ्या खोलीत न्यावे लागेल. काचेपलीकडे एक व्यक्ती झोपलेली आहे. डोक्यावर ठरलेल्या जागा मोजून, त्वचा घासून, पेस्ट लावून चिकटवलेले इलेक्ट्रोड आहेत, आणि माझ्यासमोर ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या विद्युत तरंगांच्या आलेखाचे, एकामागून एक पान सरकते आहे. एक पान म्हणजे ३० सेकंद, म्हणजे आठ तासांच्या झोपेची ९६० पाने, आणि प्रत्येक पान पाहून मला झोपेची अवस्था नोंदवावी लागते. झोप लागून फार वेळ झालेला नाही. बाहेर कुणाच्या तरी हातून दार आपटते. झोपलेली व्यक्ती पापणीही हलवत नाही, पण पडद्यावरची रेघ एकदम उंच उसळते, खोल खाली जाते, आणि लगेच तिच्या मागोमाग दाट, बारीक तरंगांचा एक झुबका उमटतो, जो सेकंदभरात विरून जातो. पहिल्या उसळीला के-कॉम्प्लेक्स म्हणतात आणि त्या झुबक्याला स्पिंडल. कानांनी आवाज ऐकला, मेंदूने त्याची दखल घेतली, तो दुर्लक्ष करण्याजोगा आहे असे ठरवले आणि झोप राखली, एवढे सगळे त्या एका रेघेत आहे. झोपलेल्या माणसाचे स्वतःचे नाव उच्चारले तर इतर नावांपेक्षा के-कॉम्प्लेक्स अधिक वेळा उमटतो, हे तर १९६० पासून माहीत आहे. झोपेत संवेदनांचे दार लोटलेले असते, त्याला कडी लावलेली नसते. हे मी हजारो वेळा पाहिले आहे, आणि तरीही दर वेळी त्या रेघेवरून माझी नजर हटत नाही.

स्पिंडल तयार होतो मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागात. गंधाचा अपवाद सोडला तर डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी माहिती कॉर्टेक्सकडे जाताना थॅलॅमसमधून जाते, त्यामुळे दार लोटण्याचे काम त्याच्याकडे असणे स्वाभाविक आहे. स्पिंडलची वारंवारता सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तने असते. झोप अधिक गाढ झाली की कॉर्टेक्समध्ये सेकंदाला एकाहून कमी आवर्तनांचे मोठे, संथ तरंग उठू लागतात, ज्यांत लक्षावधी पेशी एकत्र गप्प होतात आणि एकत्र पुन्हा बोलू लागतात. त्याच वेळी खाली हिप्पोकॅम्पसमध्ये अतिशय जलद, एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही बहुधा लहान अशा लहरी उसळतात, ज्यांना रिपल म्हणतात. त्या माझ्या पडद्यावर दिसत नाहीत, कारण कवटीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत त्या पोहोचत नाहीत. प्राण्यांच्या मेंदूत, तसेच अपस्माराच्या तपासणीसाठी काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर बसवलेल्या तारांमधून त्या नोंदल्या गेल्या आहेत. संथ तरंगाच्या चढावर स्पिंडल बसतो आणि स्पिंडलच्या खाचांमध्ये रिपल बसतात, अशी ही तिहेरी वीण आहे.

या वीणीतून काय जाते ते १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांमध्ये दाखवले. हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणजे उंदीर एका विशिष्ट ठिकाणी आला की एक विशिष्ट पेशी बोलते. दिवसा फिरताना ज्या पेशी एकमेकींबरोबर बोलल्या होत्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकमेकींबरोबर बोलू लागल्या. पुढच्या संशोधनातून असेही दिसले की हा फेरा जागेपणीच्या क्रमानेच, पण कितीतरी पटींनी वेगात घेतला जातो. हे नुसते प्रतिध्वनी असतील अशी शंका येणे रास्त होते. तिचे उत्तर २००९ मध्ये गॅब्रिएल जिरार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दिले. झोपलेल्या उंदराच्या मेंदूत रिपल सुरू होताच बारीकसा विद्युत धक्का देऊन तो मोडायचा, आणि तुलनेसाठी दुसऱ्या उंदरांना तितकेच धक्के रिपल नसताना द्यायचे. रिपल मोडलेले उंदीर खाऊ ठेवलेल्या वाटा शिकण्यात स्पष्टपणे मागे पडले.

माणसांतला पुरावा अधिक हळुवार आहे, आणि मला तो सर्वांत आवडतो. ब्यॉर्न राश, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना संध्याकाळी पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत ते लक्षात ठेवायला सांगितले आणि त्या वेळी खोलीत गुलाबाचा गंध सोडला. रात्री गाढ झोपेत तोच गंध पुन्हा देण्यात आला. सकाळी त्यांना सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या, तर गंधाशिवाय झोपले असताना सुमारे ८६ टक्के. गंध जागेपणी किंवा स्वप्नांच्या रेम झोपेत दिला तर हा फायदा झाला नाही. पाहण्याचे कौशल्यही याला अपवाद नाही. आडव्या रेघांच्या गर्दीत क्षणभर चमकून जाणाऱ्या तिरप्या रेघा ओळखण्याचा सराव करून जे पहिल्या रात्री झोपले त्यांची नजर सुधारली. ज्यांना ती पहिली रात्र जागवले गेले त्यांची सुधारणा पुढच्या दोन रात्री झोपूनही झाली नाही, असे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. हुकलेली रात्र नंतर भरून काढता येते हा समज निदान या बाबतीत खरा ठरत नाही.

म्हणून आपण रात्रभर जागून जे पाठ केले ते हिप्पोकॅम्पसमध्ये कच्चे टाचलेले राहिले, आणि ज्या झोपेत त्याला पक्की शिवण बसायची ती झोपच मिळाली नाही. सकाळी पेपर लिहिण्यापुरते ते टिकले, कारण टाचण एक दिवस टिकते. नुकसान एवढेच नव्हते. जागरणानंतर हिप्पोकॅम्पस नवी माहितीही कमी घेतो, त्यामुळे पहाटे चार वाजता वाचलेले पान आणि दुसऱ्या दिवशी ऐकलेले व्याख्यान, दोन्ही पातळ उमटतात. भावनांचे मंडलही ढळते. २००७ मध्ये सुंग-शिक यू, मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३५ तास जागे राहिलेल्या लोकांना क्लेशदायक चित्रे दाखवली, तेव्हा त्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक तीव्र होती आणि तिला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या कॉर्टेक्सशी तिचे दळणवळण क्षीण झाले होते. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी साधे बोलणे मनाला का लागते याचे हे कारण आहे. रेम झोपेत लोकस सेरुलियस जवळजवळ गप्प असतो, आणि त्या शांततेत कटू प्रसंगाची धार बोथट होते असे एक मत आहे. मला ते पटण्याजोगे वाटते, पण त्यामागचा पुरावा वर सांगितलेल्या प्रयोगांइतका भक्कम नाही.

आपली पुढची परीक्षा जवळ आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून एवढेच सांगतो. अवघड भाग संध्याकाळी वाचावा, पुस्तक मिटून एकदा स्वतःला प्रश्न विचारावेत आणि पूर्ण झोप घ्यावी. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि रेम झोप पहाटेकडे वाढत जाते, त्यामुळे उशिरा झोपून किंवा फार लवकर उठून कापलेले दोन तास सगळ्या अवस्थांमधून सारखे कापले जात नाहीत. कॉफी दुपारनंतर टाळावी, कारण कॅफीन झोपेची ओढ निर्माण करणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसते आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात असते. सकाळी उठल्यावर पुस्तक उघडण्याआधी तोच भाग कोऱ्या कागदावर लिहून पाहावा. जे अडेल तेवढेच त्या दिवशी पुन्हा वाचावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक कोरा कागद घ्यावा.